एक शीट कमी: छोट्या जेट विमानांचं वडाप आणि त्याचं गणित

तासगावहून सांगलीला जायला आम्ही बहुतेक वेळा वडापनेच जायचो. गाडी स्टँडबाहेर उभी, दार उघडं, आत मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, आणि बाहेर पोऱ्या ओरडतोय, "सांगली, सांगली, एक शीट, एक शीट!" ते शेवटचं शीट मिळेपर्यंत ड्रायव्हर किल्लीला हात लावत नसे. कोर्टाच्या तारखेला निघालेला एखादा माणूस आत चुळबुळ करायचा. "चला की हो आता, अकराला पुकारा आहे." ड्रायव्हर शांतपणे म्हणायचा, "दादा, त्या एका शीटवर तर माझं डिझेल सुटतंय."

धंद्याच्या कामासाठी वापरायच्या छोट्या जेट विमानांबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्यांदा तो ड्रायव्हरच आठवला. कारण या विमानांचा सगळा पेच त्याच्या त्या एका वाक्यात आहे. विमान कसं उडतं, किती वेगाने जातं, आत कातड्याच्या खुर्च्या आहेत का, हे सगळं नंतरचं. शीट भरतं का, आणि भरेपर्यंत आतल्याने किती थांबायचं, हा खरा प्रश्न. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात 2007 साली एका कंपनीने तो प्रश्न मनापासून सोडवायला घेतला होता. ती सेवा सुरू झाल्यावर वर्षभरही टिकली नाही. तरीही छोटं जेट कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे समजून घ्यायला मला त्या कंपनीइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

आधी गरज काय होती ते पाहू. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले विमानतळ आणि धावपट्ट्या साधारण पाच हजार आहेत. नियमित विमानसेवा त्यांतल्या जेमतेम पाचशेंवर. 1978 मध्ये तिथल्या सरकारने विमान कंपन्यांवरचे मार्ग आणि भाडी यांचे निर्बंध उठवले. त्यानंतर कंपन्यांनी हिशेब करून सगळी वाहतूक मोठ्या केंद्रांवर गोळा केली. लहान गावातून उठायचं, अटलांटासारख्या मोठ्या तळावर उतरायचं, विमान बदलायचं आणि मग दुसऱ्या लहान गावाला जायचं. लांबच्या प्रवासाला हे चालून जातं. पण शेजारच्या गावाला जायला आधी शेजारच्या राज्यात जाऊन यायचं, हे कामाच्या माणसाला परवडत नाही.

फ्लोरिडाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. राज्याची राजधानी टॅलाहासी वायव्येच्या कोपऱ्यात. माणसं आणि पैसा बराचसा आग्नेय किनाऱ्यावर, मायामीच्या आसपास. तिथल्या बोका रेटन गावातून टॅलाहासीला मोटारीने जायचं तर साडेसहाशे-सातशे किलोमीटर, म्हणजे सहा तासांच्या वर. एका तासाच्या बैठकीसाठी जाणं, राहणं, येणं धरून दोन दिवस जातात. नागपूरकरांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. मंत्रालयात पंधरा मिनिटांचं काम असलं तरी दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात.

या प्रवासाला उत्तर म्हणून जे विमान पुढे आलं त्याला 'व्हेरी लाइट जेट' म्हणतात, म्हणजे अतिहलकं जेट. ढोबळ व्याख्या अशी: उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन दहा हजार पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास किंवा त्याहून कमी. चार ते सहा माणसं, आणि एकट्या वैमानिकाला उडवता येईल अशी रचना. एक्लिप्स 500, सेसनाचं सायटेशन मस्टँग, ब्राझीलच्या एम्ब्राएरचं फेनॉम 100 ही त्या पिढीतली नावं.

त्यांतलं एक्लिप्स सगळ्यांत लहान. भरून निघालं तरी वजन पावणेतीन टनांच्या आत. लांबी दहा मीटर. आतली उंची सव्वा मीटरच्या जरा वर, म्हणजे उभं राहायचा प्रश्नच नाही. कमरेत वाकून शिरायचं आणि बसायचं. रुंदी दीड मीटरपेक्षा कमी, त्यामुळे शेजाऱ्याचं कोपर लागतं. शौचालय नाही. सिनेमात दिसणारं खासगी विमान, त्यातले सोफे आणि ट्रेमधले ग्लास डोक्यातून काढून टाका. हे विमान म्हणजे पंख लावलेली मोटार आहे. फक्त ती एक्केचाळीस हजार फुटांवर जाते आणि तासाला साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे धावते.

हे विमान होण्याआधी जेटचं इंजिन लहान व्हावं लागलं, आणि ते फार अवघड काम आहे. जेट इंजिनात पुढून हवा आत घेतात, फिरत्या पात्यांच्या रांगांनी ती दाबतात, इंधन जाळून तापवतात आणि मागे सोडतात. पात्यांची टोकं आणि बाहेरचं कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर पाती घासतील. समजा मोठ्या इंजिनात पातं एक मीटर लांब आहे आणि फट एक मिलिमीटर. तिथून निसटणारी हवा नगण्य. आता इंजिन लहान केलं आणि पातं दोन सेंटिमीटरचं झालं. फट मात्र त्याच प्रमाणात लहान होत नाही, कारण धातू तापल्यावर फुगायचा तेवढा फुगतो आणि यंत्रावर कातकाम जितकं बारीक होतं तितकंच होतं. अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी ती पात्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी झाली. दाबलेली हवा तिथून मागे पळते आणि इंधन वाया जातं. म्हणून मोठं इंजिन सरसकट लहान करून चालत नाही. ते पुन्हा मुळापासून आखावं लागतं.

अमेरिकेत सॅम विल्यम्स नावाचे अभियंते आयुष्यभर याच एका गोष्टीमागे होते. टॉमाहॉक क्षेपणास्त्राचं छोटं इंजिन त्यांच्या कंपनीचं. पण क्षेपणास्त्राचं इंजिन एकदाच चालायचं असतं. माणसं नेणारं इंजिन हजारो तास, हजारो वेळा तापून थंड होऊन पुन्हा चालायला हवं. नव्वदच्या दशकात नासाने लहान विमानांच्या इंजिनांसाठी एक कार्यक्रम घेतला, त्यातून विल्यम्सचं नवं इंजिन आकाराला आलं आणि एक्लिप्सची आखणी त्याच इंजिनाभोवती झाली. ऑगस्ट 2002 मध्ये पहिलं उड्डाण झालं तेव्हा लक्षात आलं की या विमानाला ते इंजिन पुरत नाही. मग कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन घेतलं. ते वजनाला जास्त, म्हणून पंख आणि सांगाडा पुन्हा आखला, आणि अमेरिकी विमान खात्याचं प्रमाणपत्र मिळायला सप्टेंबर 2006 उजाडला. मस्टँगलाही त्याच महिन्यात मिळालं.

एक्लिप्सचे संस्थापक व्हर्न रेबर्न मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या काळातले. त्यांचं स्वप्न होतं की विमान संगणकासारखं बनवायचं, वर्षाला शेकड्यांनी, आणि किंमत दहा लाख डॉलरच्या आत ठेवायची. त्यासाठी रिव्हेट ठोकायचं काम बरंच कमी केलं. फिरत्या अवजाराने धातू मऊ करून दोन पत्रे एकमेकांत मिसळून टाकायची जोडणीची पद्धत त्यांनी विमानाच्या सांगाड्याला वापरली. वेळ वाचतो आणि सांधा मजबूत होतो. पण स्वस्ताईचा सगळा भरवसा संख्येवर होता. हजारो विमानं विकली जाणार असतील तरच त्या किमतीला विमान देता येणार. मग हजारो विमानं घेणार कोण?

इथे एड याकोबुची आले. सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. 2002 मध्ये त्यांनी डेजेट नावाची कंपनी काढली आणि एक्लिप्सची हजाराहून जास्त विमानं नोंदवून ठेवली. याकोबुचींनी जे मांडलं ते सोपं होतं आणि मला आजही मोहात पाडतं. तोपर्यंत छोट्या विमानाने जायचे दोन मार्ग होते. एक, विमान विकत घ्या, किंवा चार-आठ जणांत मिळून त्याचा हिस्सा घ्या. दोन, अख्खं विमान भाड्याने घ्या. दुसऱ्या मार्गात रिकाम्या फेऱ्यांचे पैसेही गिऱ्हाईकच भरतं. तुम्हाला सोडून विमान रिकामं परत गेलं किंवा दिवसभर तुमच्यासाठी थांबून राहिलं, तरी मीटर चालूच. लग्नाला गाडी ठरवताना आपण जाण्या-येण्याचे किलोमीटर मोजतो, तसंच हे.

याकोबुची म्हणाले, मी विमान विकणार नाही, शीट विकणार. वेळापत्रक नाही. तुम्ही सांगा कुठून कुठे, सर्वांत लवकर किती वाजता निघाल, आणि उशिरात उशिरा किती वाजता पोचलं तर चालेल. या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे तुमची सवड. सवड जितकी मोठी तितकं भाडं कमी. "सातनंतर कधीही निघतो, दुपारी दोनपर्यंत पोचलो तरी चालेल" असं म्हणणाऱ्याला स्वस्त. "साडेसातलाच निघणार आणि नऊला पोचायचंच" म्हणणाऱ्याला बरंच महाग.

हे वाचलं तेव्हा मला वडापमधला कोर्टाच्या तारखेचा माणूस आठवला. त्याची घाई आणि गुळाचे भाव बघायला निघालेल्या शेजारच्या म्हाताऱ्याची सवड, दोघांना एकच भाडं आणि एकच थांबणं. याकोबुचींनी सवडीला किंमत दिली. ज्याच्याकडे वेळ आहे त्याचा वेळ विमान भरायला वापरायचा आणि त्याच्या बदल्यात त्याला सूट द्यायची. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोलाची कल्पना ही आहे, विमानाहूनही मोलाची.

ती कशी चालायची ते एका सकाळवर पाहू. उदाहरण माझं आहे, गावं खरी आहेत. डेजेटने सुरुवातीला पाच गावं घेतली: बोका रेटन, लेकलँड, गेन्सविल, टॅलाहासी आणि पेन्साकोला. समजा एका वकिलाला बोकाहून टॅलाहासीला जायचंय, सवड सात ते अकरा. लेकलँडच्या एका विक्री प्रतिनिधीलाही टॅलाहासीलाच जायचंय, सवड आठ ते बारा. लेकलँड बोकाच्या वायव्येला, म्हणजे टॅलाहासीच्या वाटेवरच पडतं. विमान सातला बोकाहून निघालं, पावणेआठच्या सुमारास लेकलँडला उतरलं, आठला दुसऱ्याला घेऊन उडालं आणि नऊच्या सुमारास दोघांना राजधानीत सोडलं. दोघंही वेळेच्या कितीतरी आधी पोचले, आणि तीनांपैकी दोन शीटं भरली. हो, तीनच. एक्लिप्समध्ये सहा जागा बसतात, पण डेजेटने दोन वैमानिक ठेवले आणि प्रवाशांसाठी तीन जागा.

आता गाठ कुठे पडते बघा. तेवढ्यात गेन्सविलच्या विद्यापीठातल्या एकाची मागणी आली: पेन्साकोलाला जायचंय, सवड फक्त दीड तास. त्याला 'हो' म्हणायचं का? हेच विमान वाटेत गेन्सविलला उतरवलं तर वकिलाला एका ऐवजी दोन थांबे होतात, आणि नियम असा की प्रवाशाला वाटेत फार तर एकच थांबा. दुसरं विमान पाठवलं तर ते कुठून येणार, रिकामं येणार का? वैमानिकांचे कामाचे तास किती उरलेत? इतक्या लहान विमानात प्रवाशाचं वजनही विचारावं लागतं, कारण तीन धिप्पाड माणसं आणि बॅगा असतील तर इंधन कमी भरावं लागतं आणि इंधन कमी तर पल्ला कमी. यातलं काहीही बदललं की संध्याकाळच्या परतीच्या फेऱ्याही हलतात. आणि गिऱ्हाईक तिकडे पडद्यासमोर उत्तराची वाट बघत बसलेलं. त्याला काही सेकंदांत 'हो, इतके डॉलर' किंवा 'नाही' सांगायचंय.

पाच गावं, दोन डझन विमानं आणि काही डझन माणसं, एवढ्यावरही शक्य जुळण्यांची संख्या इतकी फुगते की सगळ्या तपासणं संगणकालाही झेपत नाही. म्हणून दोन टप्पे केले. मागणी आली की लगेच 'बसवता येईल का' एवढंच पाहायचं आणि शब्द द्यायचा. मग रात्रभर पुढच्या दिवसाची सगळी मांडणी पुन्हा पुन्हा घडवून ती जितकी स्वस्तात बसेल तितकी बसवायची. जॉर्जिया टेक या विद्यापीठातले जॉर्ज नेमहाउझर आणि मार्टिन साव्हेल्सबर्ग यांच्यासारखे या गणितातले नावाजलेले लोक या प्रश्नावर काम करत होते. त्यांचे यावरचे शोधनिबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पोऱ्याच्या "एक शीट, एक शीट" या हाकेचं ते गणिती रूप.

ऑक्टोबर 2007 मध्ये सेवा सुरू झाली. 19 सप्टेंबर 2008 ला बंद पडली.

का बंद पडली याचं प्रचलित उत्तर 'मंदी' असं आहे. तारखा पाहिल्या तर पटतंही. लेहमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकी बँक 15 सप्टेंबरला बुडाली आणि डेजेट चार दिवसांनी. भांडवल मिळेना हे कंपनीनेही सांगितलं. पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. मे महिन्यातच त्यांनी मोठी नोकरकपात केली होती. दुखणं आधीपासून होतं, आणि ते शिटांच्या गणितात होतं.

वडाप भरतं कारण तासगाव-सांगली रस्त्यावर माणसं सतत असतात. दहा मिनिटं थांबलं की शीट मिळतं. लेकलँडहून टॅलाहासीला विमानाचं भाडं भरून जाणारी माणसं दिवसाला किती असणार? कधी चार, कधी एकही नाही. पाच गावांच्या जोड्या होतात दहा. त्या दहा वाटांवर थोडी थोडी माणसं विखुरली तर कितीही हुशार संगणक असला तरी जुळवायला माणसंच नसतात. गावं दहा केली तर जोड्या पंचेचाळीस होतात, गिऱ्हाइकाला जास्त ठिकाणी जाता येतं आणि ते वळण घेऊन परत परत येतं. पण पंचेचाळीस वाटा चालवायला विमानं शेकड्यांनी लागतात. म्हणजे ही सेवा लहान असताना तोट्यातच चालणार, आणि मोठी होईपर्यंत कोणीतरी तो तोटा सोसायला हवा. डेजेटच्या हातात विमानं होती अठ्ठावीस, शीटं चौऱ्याऐंशी. त्यावर वैमानिक, दुरुस्ती, कार्यालयं आणि गणिताचा सगळा पसारा उभा होता. विमानात कबूल केलेल्या काही गोष्टी कारखान्याकडून मिळाल्या नाहीत, अशीही कंपनीची तक्रार होती. मोठं होण्याआधीच पैसा संपला.

आणि डेजेट पडल्यावर एक्लिप्सही पडलं. नोंदणीच्या वहीतलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. दहा लाखांच्या आत मिळणार म्हणून सांगितलेल्या विमानाची किंमत 2008 मध्ये साडेएकवीस लाख डॉलरवर गेली होती. नोव्हेंबर 2008 मध्ये कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर साधारण 260 विमानं बाहेर पडली होती. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या संख्येवर आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या किमतीवर टेकलेला. दोघांनी एकमेकांना जामीन राहावं तसं झालं.

यात इंधनाची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण आखूड प्रवासाला जेट हे मुळातच गैरसोयीचं वाहन आहे. जेट इंजिन उंचावर, विरळ हवेत काटकसरीने चालतं. खाली ते खादाड असतं. चाळीस हजार फुटांवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात तिथे पोचता पोचता उतरायची वेळ येते, म्हणून विमान खालीच ठेवलं जातं. समजा जेटचा सरासरी वेग तासाला 580 किलोमीटर आला आणि पंखा लावलेल्या टर्बोप्रॉप विमानाचा 450. साडेतीनशे किलोमीटरला एकाला छत्तीस मिनिटं लागतील, दुसऱ्याला सत्तेचाळीस. अकरा मिनिटांसाठी एवढा खर्च. हजार किलोमीटरला मात्र फरक अर्ध्या तासाचा होतो, तिथे जेटचा विचार करता येतो.

एक्लिप्स तासाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास इंधन पितं. जेटमध्ये हे फारच कमी. पण तीनच प्रवासी असल्यावर माणशी पंचाहत्तर लिटर पडतात, आणि एकच असला तर सगळंच्या सगळं त्याच्या नावावर. आपल्याकडे लहान शहरांना जाणारं सत्तर जागांचं एटीआर विमान भरलेलं असेल तर तासाला माणशी बारा-तेरा लिटरमध्ये काम भागतं. एटीआर सावकाश जातं हे धरलं तरी तफावत चौपटीच्या पुढे राहते. हवेत जाणारा धूर त्याच हिशेबाने. म्हणून छोट्या जेटचं समर्थन करायचंच तर ते भरलेल्या जेटचं करावं. एका माणसाने बैठकीला जायला अख्खं जेट घेऊन जाणं मला पटत नाही, तो कितीही मोठा असला तरी.

आखूड प्रवासाचा आणखी एक खर्च सहसा सांगितला जात नाही. विमान किती तास उडालं याइतकंच ते किती वेळा उठलं आणि बसलं हेही मोजतात. प्रत्येक उड्डाणाला इंजिन थंडाचं लालबुंद होतं आणि पुन्हा थंड होतं, चाकांवर धक्का बसतो, विमानाचं पोट हवेच्या दाबाने फुगतं आणि आक्रसतं. तीन तासांच्या एका उड्डाणाऐवजी चाळीस-चाळीस मिनिटांची चार केली तर ही झीज चौपट. एसटीच्या गाडीची क्लच प्लेट मुंबईच्या वाटेवर टिकते आणि गावोगाव थांबणाऱ्या फेरीत लवकर जाते, तशातलं.

आणि धोका. उठणं आणि उतरणं हेच उड्डाणातले सर्वांत नाजूक भाग, आणि आखूड प्रवासात तेच जास्त वेळा येतात. त्यात ही विमानं एकट्या वैमानिकाने उडवता येतात. 8 डिसेंबर 2014 ला मेरिलँडमधल्या गेथर्सबर्गला एक फेनॉम 100 उतरताना घरांवर कोसळलं. विमानातली तिघं गेली आणि एका घरातली आई आणि तिची दोन लहान मुलं गेली. चौकशीत निघालं ते असं: वाटेत पंखांवर बर्फ धरलं होतं आणि ते काढायची यंत्रणा वैमानिकाने चालू केलेली नव्हती. ती चालू केली की उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टी जास्त लागते. बर्फाने पंखाचा आकार बिघडला, उतरण्याचा वेग कमी पडला आणि विमानाने आधार सोडला. एक खटका दाबायचा होता. शेजारी दुसरा वैमानिक असता तर उतरण्याआधीच्या तपासणीची यादी मोठ्याने वाचली गेली असती आणि कदाचित तो दाबला गेला असता. डेजेटने प्रवाशाचं एक शीट सोडून दुसरा वैमानिक बसवला होता. महागाचा निर्णय होता, पण योग्य होता. धंद्याच्या कामाला अशा विमानाने जायची वेळ आली तर मी सर्वांत आधी हेच विचारेन, की पुढे किती जण बसलेत.

डेजेटनंतर छोटी जेट संपली नाहीत, त्यांचं गिऱ्हाईक बदललं. होंडाच्या मिचिमासा फुजिनो यांनी इंजिनं पंखाच्या वर खांबावर बसवलेलं होंडाजेट आणलं. त्याला अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. इंजिनं शेपटीजवळून हलल्यामुळे मागे जागा मोकळी झाली आणि आत दार असलेलं शौचालय मावलं. 2016 मध्ये सिरसचं व्हिजन जेट आलं, एकच इंजिन आणि अख्ख्या विमानाला खाली उतरवणारं पॅराशूट असलेलं. पुढे त्यात अशी सोयही आली की वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने एक बटण दाबायचं, विमान आपणहून धावपट्टी शोधून उतरतं. पण ही विमानं मुख्यतः स्वतः उडवणारे मालक घेतात. व्हिजन जेटचा मालक म्हणजे स्वतःच गाडी चालवत साइटवर जाणारा कंत्राटदार. त्याला शीट भरायची चिंता नाही.

ज्यांनी शीट विकायचं ठरवलं त्यांनी विमान बदललं. कॅलिफोर्नियात सर्फ एअरने 2013 मध्ये महिन्याची वर्गणी घेऊन पिलाटस टर्बोप्रॉप चालवायला सुरुवात केली, ठरलेल्या वाटांवर. जेएसएक्स ही कंपनी तीस जागांची जेट विमानं ठरलेल्या वेळेला, मोठ्या टर्मिनलपासून दूर, लहान हँगरमधून सोडते. म्हणजे 'कुठूनही कुठेही, तुमच्या सवडीने' हा भाग दोघांनीही सोडला आणि वाट नक्की केली. वाट नक्की झाली की माणसं एका जागी गोळा होतात. वडापला हे आधीपासून माहीत होतं. वडापचीही वाट ठरलेली असते, वेळ नसते.

जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मित्राने मला सरळ विचारलं होतं, "आमच्या मालकांनी असं विमान घ्यावं का?" मी त्याला आधी एक काम दिलं. गेल्या वर्षभरातले साहेबांचे प्रवास वहीत काढ. कुठून कुठे, किती जण, त्याच दिवशी परत आले का, रस्त्याने किती तास. चार दिवसांनी वही घेऊन आला. बहुतेक प्रवास मुंबईचे आणि एकट्याचे. मुंबईला नियमित विमान संभाजीनगरहून मिळतं आणि ते तासाभराच्या रस्त्यावर आहे. त्या सगळ्या ओळींवर आम्ही काट मारली. उरले सातच प्रवास, जिथे तीन-चार जण एकत्र गेले होते, एका दिवसात दोन गावं करायची होती आणि थेट विमान नव्हतं. त्या सातांसाठी विमान भाड्याने घेण्याचा विचार करता येईल, असं आम्ही लिहून दिलं. विकत घेण्याचा विषय तिथेच थांबला.

डेजेटचं गणित मात्र वाया गेलं नाही. 2014 मध्ये उबरने एकाच वाटेवरच्या अनोळखी प्रवाशांना एका गाडीत बसवून कमी भाडं घ्यायला सुरुवात केली. तिथेही प्रश्न त्याच घराण्यातला आहे: कोणाला कुठून घ्यायचं, वाट किती वाकडी करायची, आतला किती थांबायला तयार आहे आणि त्या थांबण्याचे त्याला किती पैसे सोडायचे. एड याकोबुची ते पाहायला नव्हते, 2013 मध्येच ते गेले. विमानाऐवजी गाडी आली, दोन गावांऐवजी एकाच शहरातल्या गल्ल्या आल्या. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर माणूस उभा असतो, त्यामुळे शेवटचं शीट काही मिनिटांत मिळतं.